गढूळ पाण्यातला फोटो किती उजळावा?

(रोह्याला झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. पडद्यावर दाखवलेली चित्रे स्मरणिकेत देता आली नाहीत, म्हणून त्या त्या ठिकाणी दोन वाक्ये जास्त लिहिली आहेत.)



ग्रुपवर कार्यक्रमपत्रिका आली तेव्हा माझ्या नावापुढे ‘पाण्याखालची फोटोग्राफी’ असे लिहिले होते. पाच मिनिटांत दोघांनी प्रवाळाचे आणि रंगीबेरंगी माशांचे फोटो टाकले. म्हणून आधीच सांगते, मासे नाहीत. मालवणला, लक्षद्वीपला जाऊन तसले फोटो काढणारे लोक वेगळे. माझ्या वाट्याला येतात ते पुलांचे खांब, धरणांच्या भिंती आणि बंदरातल्या धक्क्यांचे पाय. पाणबुड्या किंवा रिमोटवर चालणारे छोटे यंत्र खाली जाते आणि व्हिडिओ घेऊन वर येते. तो व्हिडिओ बहुतेक वेळा काळा नाहीतर चहासारखा असतो. त्यात काय आहे ते शोधून दाखवायचे, हे माझे काम. रंगीत म्हणावे असे त्यात काही नाही. फार तर खांबाला चिकटलेली कालवे दिसतात.

हा विषय आपल्या जिल्ह्यात बोलायचा तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीपासून सुरुवात करावी लागते. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल त्या रात्री पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या, एक जयगडहून मुंबईला निघालेली आणि दुसरी राजापूरहून बोरिवलीला, अंधारात नदीत गेल्या. आपल्यापैकी कोण त्या पुलावरून गेले नसेल? पोलादपूर, चिपळूण, कुठेही लग्नाला जायचे तरी तोच रस्ता. नंतरचे दिवस तुम्हाला आठवत असतील. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, सगळे आले. क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला. काही मृतदेह खाडीतून वाहत पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले होते. पहिल्या बसचा सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त वेळ लागला, आणि तो निघाला पुलापासून काहीशे मीटरवरच. एसटीची लालभडक बस, एवढी मोठी वस्तू, आणि तिच्या शेजारून पाणबुड्या गेला तरी त्याला ती दिसू नये अशी पाण्याची अवस्था होती.

त्या आठवड्यात मला नातेवाईकांचे किती फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: एवढे चांगले कॅमेरे निघालेत, मोबाईलमध्ये काळोखातले फोटो दिवसासारखे येतात, मग कॅमेरा सोडून बघत का नाहीत? प्रश्न अगदी रास्त होता, आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचे उत्तर देता येत नव्हते. आज आयोजकांनी अर्धा तास दिला आहे.

माझ्यासमोर हे दोन काचेचे ग्लास आहेत. एकात नळाचे पाणी आहे. दुसऱ्यातही तेच, फक्त त्यात शाडूची चिमूट टाकली आहे. शाडू पेणच्या आपल्या मित्राच्या गणपतीच्या कारखान्यातून आला आहे. आपल्या बॅचची अर्धी मंडळी पेणला राहतात त्याचा हा एक फायदा. दोन्ही ग्लासांच्या मागे एकेक रुपया चिकटवला आहे. आता दिवे घालवू या. पहिल्या ग्लासावर समोरून टॉर्च मारली की नाणे दिसते. दुसऱ्यावर तशीच मारली तर? नाणे गायब, आणि ग्लास मात्र ट्यूबलाइटसारखा उजळला. आता टॉर्च डोळ्यांपासून लांब नेऊन बाजूने, तिरकी मारते. पुढच्या रांगेतल्यांना नाण्याची कड दिसू लागली असेल. पाणी तेच, टॉर्च तीच, फक्त हात हलवला.

पावसाळ्यात सुकेळी खिंडीत धुके उतरले की नवशिका चालक घाबरून अप्पर लावतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. जुना चालक डिप्परवर येतो. ग्लासातही तेच झाले. गढूळ पाण्यातल्या प्रत्येक कणावर उजेड पडतो आणि त्यातला थोडा उलटा कॅमेऱ्याकडे फिरतो. म्हणजे कॅमेऱ्याला दोन गोष्टी एकदम मिळतात, खांबाकडून आलेला उजेड आणि पाण्याने स्वतः परत पाठवलेला उजेड. दुसरा उजेड आपल्याला नको असतो, आणि बहुतेक वेळा जास्त तोच असतो. अंधार आहे म्हणून मोठा दिवा न्यावा, ही पहिली कल्पना म्हणूनच फसते. पाणबुड्ये ही गोष्ट अनुभवाने शिकतात. ते दिवा कॅमेऱ्याला चिकटवून ठेवत नाहीत, लांब हातावर धरतात आणि खांबाच्या जितके जवळ जाता येईल तितके जातात. खूपच गढूळ असेल तर आणखी एक जुनी युक्ती आहे. पारदर्शक पेटीत स्वच्छ पाणी भरतात, ती खांबाला टेकवतात आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूने फोटो काढतात. खांब आणि काच यांच्यामध्ये गढूळ पाणी उरतच नाही. मला विचाराल तर कॉम्प्युटरवर महिनाभर केलेल्या करामतींपेक्षा ही पेटी जास्त काम करते.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, की पूर ओसरल्यावर थोडे थांबले तर पाणी आपोआप नितळ होणार नाही का? होते, पण माती सावकाश बसते. दोन मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे तीन दिवस घेतो, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवत, ते याचसाठी. तुरटीने कण एकमेकांना चिकटतात, गाठोडी होतात आणि झटकन खाली बसतात. गंमत म्हणजे खाडीचे मीठही हेच करते. कुंडलिकेचे गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे चिखलाच्या गाठी होऊन तळाला बसतात. पण दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते आणि बसलेले सगळे पुन्हा ढवळले जाते. म्हणून वर भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यात कोलाडला राफ्टिंगवाले खडक बघत जातात, आणि तीच नदी अष्टमीच्या खाली गेली की हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत.

आता रंगाकडे वळते. चित्रकलेच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना हे आवडेल. पाणी सगळे रंग सारखे गिळत नाही. अगदी शुद्ध पाणी घेतले तरी पाच मीटर अंतरात लाल उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि निळा जवळजवळ सगळाच पार होतो. यावरून एक आठवण. १९२१ साली सर सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परत येत होते. समुद्र आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे निळा दिसतो, असे तोवर मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामननी खिशातल्या निकोल प्रिझममधून बघून पृष्ठभागावरची चमक बाजूला काढली. निळाई तरीही होतीच, उलट जास्तच गडद झाली. म्हणजे ती पाण्याची स्वतःची होती. ‘नेचर’ साप्ताहिकाला त्याविषयी त्यांनी जे पत्र लिहिले त्यावर पत्ता आहे मुंबई बंदराचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना मला ते हमखास आठवते, जरी आपले पाणी निळे कधीच नसले तरी.

आपल्याकडे मातीमुळे निळाही जातो. खाडीत हिरवट-पिवळा उजेड थोडा टिकतो, बाकीचे आधीच संपलेले असतात. दिवा आपण नेला तर उजेडाला दिव्यापासून खांबापर्यंत आणि खांबापासून कॅमेऱ्यापर्यंत असा दुहेरी प्रवास करावा लागतो. म्हणून फोटोत गंजाचा तांबूस डाग काळा दिसतो आणि शेवाळही काळेच दिसते. पाहणीत मात्र या दोन डागांचे अर्थ फार वेगळे.

आता थोडे गणित. गणिताच्या सरांना भिऊन मी ते छोटे ठेवले आहे.

समजा, पाणी असे आहे की दर दहा सेंटिमीटरला उजेड निम्मा होतो. एक मीटर म्हणजे दहा वेळा निम्मा. दोनाचा दहावा घात १०२४. म्हणजे एक मीटरवरून निघालेल्या उजेडाचा हजारावा हिस्सा कॅमेऱ्यात पोचतो. साधा कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्य ते २५५ या अंकांत लिहितो. २५५ चा हजारावा हिस्सा पाव. पाव अंक लिहायची सोय नाही, म्हणून तिथे शून्य लिहिले जाते. आता त्या शून्याला दहाने गुणा, शंभराने गुणा, कॉम्प्युटर लाखाचा घ्या, उत्तर काय येईल ते आपल्याला पाचवीत शिकवले आहे.

सावित्रीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. मोबाईल रात्रीचे फोटो दिवसासारखे काढतो, कारण रात्री उजेड थोडा असला तरी येत असतो. फोन दोन-तीन सेकंद तो साठवतो, एकावर एक फोटो ठेवून बेरीज करतो. पुराच्या पाण्यात बसकडून साठवण्यासारखे काही येतच नव्हते.

उरलेले अर्धे उत्तर थोडे अवघड आहे. समजा, आपण जवळ गेलो, खांब तीस सेंटिमीटरवर आहे. फोटोत एका दगडाचा अंक १५३ आणि शेजारच्या भेगेचा १५०. यातले जवळजवळ १५० म्हणजे पाण्याने परत पाठवलेला उजेड, धुके म्हणा. खरा मजकूर तीनच अंकांचा. साहजिक वाटते की १५० वजा करावेत आणि उरलेल्या तिनाला चाळीसने गुणावे. दगड १२०, भेग शून्य, झकास फोटो. हे करतातही आणि बऱ्याच वेळा ते उपयोगी पडते. पण उजेड थेंबाथेंबाने येतो. छपरावर पडणाऱ्या पावसाचे थेंब दर सेकंदाला अगदी सारखे मोजले जात नाहीत, तसेच हे. शंभर थेंब अपेक्षित असतील तर दहाएक कमीजास्त होतात, दहा हजार असतील तर शंभरएक. म्हणून १५० हा अंक कधी १४८ येतो, कधी १५२. धुके वजा करता येते, धुक्याची ही थरथर वजा करता येत नाही. चाळीसने गुणल्यावर दोनाची थरथर ऐंशीची होते. फोटोत जे रवाळ दाणे दिसतात ते हेच. त्यावर इलाज एकच आहे, यंत्र स्थिर धरून तेच दृश्य अनेकदा टिपणे. सोळा फोटोंची सरासरी घेतली तर थरथर चौथ्या हिश्श्यावर येते. पाणबुड्याला मी सारखी सांगत असते, “दादा, दहा सेकंद हलू नका.” तो बिचारा प्रवाहात एका हाताने खांब धरून उभा असतो.

उजळण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत, सगळ्या सांगत नाही. सगळ्यात जास्त वापरली जाणारी सांगते, कारण ती आपल्या पीटीच्या तासाला घडायची. सर आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभे करत आणि मग म्हणत, एक हात अंतर घ्या. दोन मुलांच्या उंचीत अर्धा इंच फरक असो की अर्धा फूट, मध्ये अंतर एकाच हाताचे. फोटोतही हेच करतात. सगळे ठिपके १४० ते १६० च्या दरम्यान गर्दी करून उभे असतात. त्यांना क्रमाने लावून शून्य ते २५५ पर्यंत पसरवले की जे एकसारखे करडे वाटत होते त्यात फरक दिसू लागतो. पण अख्ख्या शाळेची एकच रांग केली तर कोपऱ्यातल्या पाचवी ‘ब’वर अन्याय होतो. म्हणून फोटोचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक वर्गाची वेगळी रांग लावतात आणि अंतर किती वाढवायचे यावर मर्यादा घालतात, नाहीतर जिथे काहीच नाही तिथले दाणेही भेगेसारखे दिसतात. या पद्धतीला ‘क्लाहे’ म्हणतात. ती मुळात एक्स-रे, सीटी स्कॅनसारख्या डॉक्टरी चित्रांसाठी निघाली होती. माझे निम्मे काम आजही तिच्यावरच चालते.

पुढच्या पायरीवरचे लोक विचारतात की धुके नेमके किती आहे हे फोटोवरूनच ओळखता येईल का. २००९ मध्ये काइमिंग हे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट हेरली. उघड्यावरच्या फोटोत कुठलाही छोटा तुकडा घ्या, लाल, हिरवा, निळा यांपैकी एक तरी रंग तिथे कुठे ना कुठे जवळपास काळा असतो. काळा असायला हवा आणि नाही, तर तो जास्तीचा उजेड धुक्याचा. पाण्याखाली ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण तिथे लाल सगळीकडेच काळा असतो आणि हिशेब चुकतो. लोक मग हिरवा आणि निळा एवढेच धरतात. २०१९ मध्ये इस्रायलमध्ये काम करणाऱ्या डेर्या अक्काइनाक आणि ताली ट्रेबिट्झ यांनी ‘सी-थ्रू’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक ठिपका कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे आधी काढतात आणि मग पाण्याचा परिणाम उलटा फिरवतात. प्रवाळाचे फोटो त्यातून असे निघतात की जणू समुद्र उपसून टाकला. बघण्यासारखे आहेत ते. पण अंतर काढायला वस्तू दिसावी लागते, म्हणून आमच्या चहाच्या पाण्यात तिचा फारसा उपयोग नाही.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझे खरे म्हणणे इथेच आहे.

ज्या प्रोग्रॅमला हजारो गढूळ आणि स्वच्छ फोटोंच्या जोड्या दाखवून शिकवलेले असते, तो नवा गढूळ फोटो घेतो आणि स्वच्छ करून देतो. सुंदर देतो. पण जिथे अंक शून्य होता तिथे तो काय भरतो? पूर्वी पाहिलेल्या फोटोंत अशा ठिकाणी जे असायचे तेच. पेणचा कारागीर डोळ्यांची आखणी करतो तेव्हा मूर्तीच्या चेहऱ्यावर आधी डोळा नसतो. त्याच्या हातात शेकडो गणपतींचे डोळे असतात, त्यातला एक तो उतरवतो आणि मूर्ती बघायला लागते. मूर्तीला ते हवेच. पुलाच्या खांबाला आखणी करून चालत नाही.

एक प्रसंग सांगते. पूल कुठला, खाते कुठले, हे सांगत नाही. दगडी खांब, पाण्याखाली साधारण चार मीटर. मूळ व्हिडिओत दोन दगडांच्या सांध्यावर एक काळपट डाग होता, हाताच्या पंज्याएवढा. आमच्याकडच्या एका हुशार मुलाने चाचणी म्हणून तो व्हिडिओ नव्या प्रोग्रॅममधून काढला. सांधा सरळ, चुना जागच्या जागी, शेजारच्या सांध्यांसारखाच. डाग गेला होता. प्रोग्रॅमने शेकडो सांधे पाहिले होते, बहुतेक सगळे भरलेले. त्याने हाही भरून टाकला. आम्ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली आणि पाणबुड्याला परत खाली पाठवले. त्याने डागाच्या जागी हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

त्या खात्यातल्या साहेबांना अहवालात स्वच्छ फोटो हवे होते. “मॅडम, जरा बरे दिसतील असे पाठवा, वर दाखवायचे आहेत.” त्यांचीही अडचण खरी होती. काळ्या चौकोनांनी भरलेला अहवाल वर पाठवला तर विचारणारच की याचे पैसे दिलेत कशाचे. पण त्या स्वच्छ फोटोवर विश्वास ठेवून कोणी सही केली असती, तर त्या सहीवरून एसटी जाणार होती. मी त्यांना दोन्ही फोटो पाठवले, काळा डावीकडे, उजळलेला उजवीकडे, आणि खाली पाणबुड्याच्या हाताविषयी दोन ओळी. सांधा नंतर भरला गेला.

तेव्हापासून आमच्याकडची पद्धत ठरून गेली आहे. मूळ व्हिडिओला कोणी हात लावत नाही. उजळलेले प्रत्येक चित्र मुळाच्या शेजारीच छापायचे आणि त्यावर काय केले ते लिहायचे: इतके वजा केले, इतक्याने गुणले, इतक्या फोटोंची सरासरी. फोटोत मोजपट्टी हवीच. आणि जिथे काहीच दिसत नव्हते तिथे ‘दिसले नाही’ असे लिहायचे. हा शब्द अहवालात लिहायला लोक फार कचरतात. ‘दोष आढळला नाही’ असे लिहितात. ही दोन वाक्ये एकच नाहीत, हे आपल्याला मराठीच्या बाईंनी सांगितले असते.

आणखी एक गोष्ट. फोटो कितीही चांगला निघाला तरी नदी एक गोष्ट लपवते. पूर जोरात असतो तेव्हा खांबाच्या पायाशी पाणी गोल फिरून तळ खणते आणि पायाखालची वाळू वाहून जाते. जगभरात पूल पडण्यामागे या खणण्याचा वाटा मोठा आहे. पण पूर ओसरताना तोच खड्डा नव्या मऊ वाळूने आणि गाळाने भरतो. ऑक्टोबरमध्ये पाणी नितळल्यावर कॅमेरा उतरवला की तळ सपाट, सुरेख दिसतो. तेव्हा फोटोबरोबर लोखंडी सळई खाली टोचून बघावी लागते, किती आत जाते ते. नागोठण्याचा जुना दगडी पूल, आपला अष्टमीचा पूल, पेणला भोगावतीवरचे पूल, यांच्यावरून जाताना मी काय बघते ते तुम्हाला आता कळले असेल. मी रेलिंग बघत नाही.

सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्ष पूर्ण व्हायच्या आत खुला झाला. त्यावरून मी बऱ्याचदा गेले आहे. खालचे पाणी पावसाळ्यात आजही तसेच, चहासारखे.

(भाषणानंतर बरेच प्रश्न आले. त्यांतील दोन इथे दिले आहेत.)

विज्ञानाच्या सरांनी विचारले: उजेड जात नसेल तर आवाज का जातो? सोनार गढूळ पाण्यात चालतो तो कसा?

सर, लहरीच्या लांबीमुळे. उजेडाच्या लहरीची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, आणि मातीचे कणही एक-दोन मायक्रॉनचेच. एकाच मापाचे असल्यामुळे टक्कर होते आणि उजेड विखुरतो. पाण्यात सेकंदाला दहा लाख कंपनांचा आवाज घेतला तर त्याची लांबी दीड मिलिमीटर भरते, कणांच्या जवळपास हजारपट. त्याला हे कण जाणवतच नाहीत. नदीच्या तळाला बस पडली आहे की नाही हे सोनार सांगतो. पण याच कारणाने केसाएवढी भेग तो सांगत नाही. तिथे फोटोच लागतो, नाहीतर हात.

पेणच्या आपल्या मैत्रिणीने विचारले: आमच्या वाडीतल्या विहिरीत पंप पडला आहे. बोअरवेलवाल्यांचा कॅमेरा सोडायचा म्हणतात, दीड हजार मागतात. काही दिसेल का?

आधी फुकटची परीक्षा कर. स्टीलची जुनी ताटली पांढरी रंगव, दोरी बांध, सपाट राहील अशी खाली सोड आणि दिसेनाशी झाली की दोरीवर खूण कर. १८६५ मध्ये इटलीतल्या अँजेलो सेक्की नावाच्या पाद्री खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात असाच पांढरा चकता सोडून पाणी मोजले होते, आणि समुद्रावर संशोधन करणारे लोक आजही तेच करतात. खूण चार-पाच हातांवर आली तर कॅमेरा पंपाजवळ नेला की दिसेल, फक्त दिवा कॅमेऱ्यापासून थोडा बाजूला बांधायला सांग. खूण एका हाताच्या आत आली तर दीड हजार वाचव. गळ टाकून बघ, नाहीतर विहीर आधी उपसून घे. आणि सध्या शेजारची बोअर चालू असेल तर ती दोन दिवस बंद ठेव, पाणी ढवळायचे थांबेल.